दुभाजकातली बाग: झाडं नंतर, आधी पाण्याचं बघा

मुठाकाठी

नमस्कार मंडळी. पुण्यात रस्त्यांच्या मधोमध जे रुंद दुभाजक नुसते पडून आहेत त्यांचं काय करता येईल, यावर सविस्तर बोलावं म्हणून हा धागा काढतोय.

मी सहकारनगर भागात राहतो. आमच्याकडे एका अंतर्गत रस्त्याचा दुभाजक चांगला ऐसपैस आहे. दोघं खुर्च्या टाकून समोरासमोर बसले तरी मधून तिसरा आरामात जाईल. वर्षानुवर्षं तिथे राडारोडा, गाजरगवत, फाटक्या फ्लेक्सच्या चौकटी आणि गणपतीनंतर राहून गेलेले मांडवाचे वासे पडलेले असत. आता तिथे बाग आहे. आजूबाजूच्या सोसायट्या, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले, रसवंतीचं कुटुंब आणि पहाटे रस्ता झाडायला येणाऱ्या ताई, असे आम्ही सगळे मिळून ती सांभाळतो.

मला जे सांगायचंय ते आधीच सांगून टाकतो. जूनमध्ये रोप लावायला हवी तेवढी माणसं येतात. फोटो निघतात, वडापाव होतो. पण एप्रिलमध्ये पाणी कोण घालणार हे रोप लावण्याआधी ठरलेलं असेल, तरच दुभाजकात काहीतरी जगतं. पुण्यात वर्षाचा पाऊस साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरात. परतीचा पाऊस ओसरला की पुढे वळवाच्या एखाद्या सरीशिवाय थेट मृगाचीच वाट बघायची. त्यात दुभाजकाचे हाल अंगणापेक्षा जास्त, कारण दोन्ही बाजूंना तापलेलं डांबर, मातीचा थर उथळ आणि खाली दगड.

आमच्याकडे पहिल्यांदा पहार मारली तेव्हा वरची वीतभर धूळ निघाली, मग गुटख्याच्या पुड्या आणि प्लास्टिक, मग जुन्या रस्त्याच्या डांबराची ढेकळं, आणि त्याखाली पहार ठण्णकन वाजली. मुरूम एवढा दाबलेला की खड्ड्यात बादली ओतली तर पाणी तासाभरानेही तसंच उभं. अशा जागी खड्डा करून रोप नुसतं खोचलं तर पावसाळ्यात मुळं कुजतात, आणि त्यातून वाचलं ते उन्हाळ्यात करपतं. म्हणून दीड-दोन फूट खोल राडारोडा काढून घेतला, तळचा मुरूम पहारीने फोडून सैल केला, आणि मग काळी माती, शेणखत आणि पालापाचोळ्याचं कंपोस्ट मिसळून भरलं. निव्वळ काळी माती भरू नका. उन्हात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तिचा चिखल होतो.

पाण्याची सोय अशी: दुभाजकाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा समोरच्या सोसायटीकडे दिला आणि वार ठरवून घेतले. पाइप इस्त्रीवाल्यांकडे असतो, कारण दिवसभर तिथे हजर असणारं माणूस तेच. पाइप कुणाच्या पार्किंगमध्ये कुलपात ठेवला की बाग त्या कुलपाची होते, हे माझं ठाम मत आहे. वाहतूक नसते तेव्हा, सकाळी सातच्या आत पाणी घालायचं.

तुमच्या भागात असं काही चाललंय का? परवानगी, झाडांची निवड, पैसे, भांडणं, जे असेल ते लिहा.

सिंहगडरोडवासी

छान धागा. पहिला प्रश्न: परवानगी कुणाची घ्यायची? आमच्या सोसायटीत विषय निघाला की लोक म्हणतात, ‘ती सरकारी जागा, आपण हात लावायचा नाही.’ आणि तिथेच मीटिंग संपते.

जुना_अभियंता

मी रस्त्यांच्या कामात नोकरी केली, आता निवृत्त आहे. उत्तर देतो.

शहरातला रस्ता महापालिकेचा असेल तर दुभाजकही तिचाच. कठडा आणि बांधकाम पथ विभागाकडे, झाडं उद्यान विभागाकडे, दिव्याचे खांब आणि त्यांची केबल विद्युत विभागाकडे. त्यामुळे एक अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि त्यावर पोच घ्या. अर्जात ‘सुशोभीकरण’ एवढंच लिहू नका. दुभाजकाची लांबी-रुंदी, कोणती झाडं, पाणी कुठून, जबाबदार कोण, हे सगळं साध्या कागदावर नकाशा काढून जोडा. वाचणाऱ्याला प्रश्न पडायला जागा ठेवली नाही की कागद लवकर पुढे सरकतो. रस्ता राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाचा असेल तर खातं वेगळं, आणि तिथे स्वतःहून काही करू नका.

आता जे सांगतोय ते जीवाशी संबंधित आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

दिव्याच्या खांबापासून खांबापर्यंत जमिनीखालून केबल गेलेली असते. तिथे पहार चालवायची नाही, हाताने खुरपं घेऊनच उकरायचं. त्याआधी विद्युत विभागाचा माणूस बोलावून केबल कुठून गेली आहे ते चुन्याने आखून घ्या.

दुसरं म्हणजे दृष्टी. रस्त्याचं आरेखन करताना चालकाच्या डोळ्याची उंची १.२ मीटर धरतात. म्हणजे चौकाजवळ किंवा दुभाजक तुटतो तिथे कमरेएवढं झुडूप वाढलं, तर गाडीवाल्याला रस्ता ओलांडणारं मूल दिसत नाही आणि मुलाला गाडी दिसत नाही. माझा आग्रह असा की तुटीच्या दोन्ही बाजूंना पंधरा-वीस मीटरपर्यंत गुडघ्याच्या वर काही जाऊ देऊ नये. मधल्या भागात मात्र दाट, छातीएवढं झुडूप असेल तर रात्री समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर येत नाही. दुभाजकात झुडपं लावण्याचं मूळ कारणच ते आहे.

आणि मातीची पातळी कठड्याच्या चार बोटं खाली ठेवा. आपल्याकडे माती ढिगासारखी उंच रचतात, मग पहिल्या पावसात तीच रस्त्यावर वाहून येते आणि दुचाकी घसरतात. खाली ठेवली तर पाणीही मुरतं.

पायीपायी

मी थोडा विरोधात लिहितो.

दुभाजक हिरवा करायचा, त्यात बाकं टाकायची, लोकांनी तिथे बसायचं, हे ऐकायला बरं वाटतं. पण दोन्ही बाजूंनी गाड्यांचा धूर खात आजी-आजोबांनी बसायचं का? शिवाय तिथे पोचायला वाहता रस्ता ओलांडायचा. पुण्यात २०१६ साली रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यानंतर जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाले, जुन्या झाडांखाली बसायला आणि मुलांना खेळायला जागा झाली. औंधातही तसंच काम झालं. माझ्या मते खरी सार्वजनिक जागा ती. जास्तीची रुंदी असेल तर मधली कमी करून कडेला द्या. चालणारा माणूस कडेने चालतो.

मुठाकाठी

@पायीपायी, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि मोठ्या रस्त्यांबाबत तर पूर्ण पटतं. सातारा रस्ता, नगर रस्ता, कर्वे रस्ता, इथे दुभाजकात माणूस नेऊन बसवणं चूकच. तिथे फक्त झाडं हवीत, आणि पायी ओलांडणाऱ्याला मध्ये थांबायला मोकळी, सपाट जागा.

मी बोलतोय ते आतल्या रस्त्यांबद्दल. जुन्या सोसायट्यांच्या भागात असे रस्ते आहेत जिथे वाहनं कमी आणि मध्ये रुंद पट्टा सोडलेला. तो पट्टा कडेला सरकवायचा म्हणजे रस्ता उखडायचा, मोठा खर्च आला. तोवर तो पट्टा राडारोडा टाकायला वापरला जातोच आहे. आमच्याकडे बाकं नाहीत. कठड्यावर लोक टेकतात तेवढंच. पण पाणी घालायचं निमित्त करून समोरासमोरच्या इमारतींतली माणसं मध्ये भेटायला लागली, हे आधी नव्हतं. पूर्वी त्यांची ओळख फक्त पार्किंगच्या वादातून.

निर्गुंडी

वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवलं नाही.

आधी काय लावू नये ते सांगते. कोनोकार्पस. पटापट वाढतो, कायम हिरवा राहतो, म्हणून सगळीकडे लावला गेला. त्याची मुळं जलवाहिन्या आणि गटारांत शिरतात, परागकणांचा त्रास होतो. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. तुमच्या दुभाजकात आधीपासून असेल तर मात्र परस्पर तोडू नका, विचारून काढा. झाडांचा कायदा आपल्याकडे १९७५ पासून आहे आणि शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणूनच मोठं होणारं झाड अरुंद पट्ट्यात लावण्याआधी शंभरदा विचार करा. वड-पिंपळ दुभाजकात लावले की पंधरा वर्षांनी कठडा फुटतो, फांद्या बसला लागतात आणि मग करवत येते. त्या झाडावरही तो अन्यायच.

कण्हेर दुभाजकात सर्रास दिसते, कारण पाणी कमी लागतं आणि जनावरं तोंड लावत नाहीत. तोंड लावत नाहीत कारण तिचे सगळे भाग विषारी आहेत. गाड्यांच्याच रस्त्यावर ठीक आहे, पण जिथे मुलं हात लावणार तिथे नको.

मला विचाराल तर अडुळसा, निर्गुंडी, कोरांटी, तगर, धायटी, करवंद. ही आपल्या टेकड्यांवरची आणि परसातली मंडळी, उन्हाची सवय असलेली. अडुळशाची पांढरी फुलं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात, तेव्हा सूर्यपक्षी आणि मधमाश्या येतातच. करवंदाला काटे असतात, त्यामुळे मधून कुणी घुसून जात नाही, वेगळं कुंपण लागत नाही. जमिनीलगत शेवंती-झेंडूच्या हंगामी ओळींपेक्षा कोरफड आणि सदाफुली बरी, दर हंगामाला रोपं विकत आणायला नकोत.

आणि एखादी रुई राहू द्या! लोक तण म्हणून उपटतात. प्लेन टायगर फुलपाखरू तिच्याच पानांवर अंडी घालतं. पिवळ्या-काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी पान कुरतडताना मुलांना दाखवा, शाळेतला धडा विसरतील पण ती अळी विसरणार नाहीत. फक्त चिकाचा हात डोळ्याला लावू देऊ नका. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम या फुलपाखरांच्या अळ्या येतात, पानफुटीवर रेड पिएरो. अळी दिसली की औषध फवारणारे लोक बागेत असतील तर त्यांच्याशी आधी बोलून घ्या.

कोथरूडची_कावेरी

निर्गुंडीताई, फार उपयोगी. माझा प्रश्न मेट्रोच्या खालच्या पट्ट्याचा. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. आमच्याकडे दोन खांबांच्या मधला दुभाजक पूर्ण सावलीत असतो. वर छत असल्यासारखं, त्यामुळे भर पावसाळ्यातसुद्धा माती कोरडी ठणठणीत. तिथे काय जगेल?

माळीदादा_हडपसर

ताई, मी नर्सरीत काम करतो, तिथं काय जगतंय ते रोज बघतो म्हणून सांगतो. पुलाखाली ऊन नाही त्यामुळं फुलझाड लावूच नका, नुसतं उंच होऊन पडंल. स्नेक प्लान्ट, सिंगोनियम, मनी प्लान्ट, स्पायडर प्लान्ट ही सावलीतली. कडेला जिथं तिरपं ऊन येतंय तिथं कोरफड चालंल. पण पाणी बारा महिने लागणार, जुलैतबी. ते लोकांच्या ध्यानात येत नाही. पाऊस पडतोय म्हणून टँकर बंद करतात आणि पुलाखालची झाडं भर पावसात वाळतात.

दुसरं, पानावर धूळ बसती. महिन्यातून दोनदा पानं धुवायला पायजेत, नुसतं बुडाला पाणी घालून उपयोग नाही.

आणि सगळ्यांना सांगतो, उंच रोप घेऊ नका. लोकांना वाटतं पाच फुटाचं घेतलं की लगेच बाग दिसंल. पिशवीत त्याच्या मुळांनी गोल वेटाळं घातलेलं असतंय, ते जमिनीत गेलं तरी गोलच फिरतं. दीड-दोन फुटाचं, बुंधा जाड असलेलं, पिशवीच्या भोकातनं मुळी बाहेर न आलेलं रोप घ्या. दोन वर्षांत ते उंचाच्या पुढं जातंय.

मडक्याची पद्धत करून बघा. न रंगवलेलं मातीचं मडकं झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून वर झाकण ठेवायचं. पाणी पाझरून मुळाला जातं, उन्हानं उडून जात नाही. झाकण मात्र विसरायचं नाही, नाहीतर डास होतात. ठिबकच्या नळ्या रस्त्यावर टिकत नाहीत, कुणी कापून नेतो, कुणाचा पाय अडकतो. मडकं कुणी नेत नाही.

मुठाकाठी

माळीदादा, मडक्याची सूचना आमच्याकडेही करून बघतो, कुंभारवाड्यातून आणता येतील. पानं धुण्याचं आमच्या यादीत होतं पण ‘जमलं तर’ म्हणून. आता वार ठरवून टाकतो.

तळेगावहून

वाचतेय. मस्त माहिती.

सदाशिवपेठी

पाणी कुठलं वापरता? पाणीकपात सुरू झाली की पिण्याचं पाणी रस्त्यावर ओतताय म्हणून लोक अंगावर येतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांवर जवळजवळ सगळं शहर उभं आहे.

मुठाकाठी

पिण्याचं पाणी अजिबात नाही. दोन सोसायट्यांना बोअर आहेत. एकीचा स्वतःचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे, ते पाणी येतं. फार कडक उन्हाळ्यात प्रक्रिया केलेल्या पाण्याचा टँकर वर्गणी काढून मागवतो. हे प्रक्रिया केलेलं पाणी पानांवर उडवायचं नाही, बुडाशी सोडायचं, आणि नंतर हात धुवायचे.

घरच्या आरओतून फेकलं जाणारं पाणी बरेच जण आणून ओततात. त्यात क्षार जास्त असतात. रोज तेच घातलं तर काळ्या मातीवर पांढरा थर येतो आणि मुळं पाणी ओढेनाशी होतात. ते साध्या पाण्यात मिसळून, अधूनमधूनच.

पाण्याची सगळ्यात मोठी बचत मात्र पालापाचोळ्याने होते. पानगळीत सोसायट्यांतून पोत्याने पानं निघतात. ती जाळायची नाहीत, कचऱ्याच्या गाडीतही द्यायची नाहीत, सरळ झाडांच्या बुडाशी तीन-चार बोटं जाड अंथरायची. खालची माती दुपारीही हाताला ओली लागते. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमाने जास्तीची पानं एकाकडून दुसऱ्याकडे पोचवण्याचं काम चांगलं रुजवलं आहे. आमच्याकडे झाडणाऱ्या ताई सावरी-पिंपळाची स्वच्छ पानं वेगळी काढून देतात. प्लास्टिक मिसळलेली पानं कशी ओळखायची आणि कुठल्या ढिगाला हात लावायचा नाही, हे त्यांनी आम्हाला शिकवलं.

बे_एरियातली_मराठी

इथे सॅन फ्रान्सिस्कोत बेव्ह्यू भागात केसाडा अव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. मधोमध रुंद दुभाजक, त्यात जुने ताडासारखे उंच खजूर. पूर्वी तिथे लोक कचरा आणि मोडकं सामान आणून टाकत, अमली पदार्थांची विक्री चाले. २००२ मध्ये तिथल्याच रहिवाशांनी आपापल्या दारासमोरचा भाग साफ करून झाडं लावायला घेतली, शेजारी बघून मिसळत गेले, आणि त्यातून रस्त्याची बाग झाली. तिथल्या रहिवाशांची पुढे संस्था झाली आणि बागेच्या पलीकडची कामंही लोक एकत्र करू लागले. मुठाकाठी, तुम्ही ज्या ‘मध्ये भेटण्या’बद्दल लिहिलंय ते तिथेही झालं. कुणी नकाशा घेऊन आलं नव्हतं, घरासमोरच्या मातीपासून सुरुवात झाली.

दादरमाटुंगा

एवढं लांब कशाला, मुंबईत माटुंग्याला आंबेडकर रस्त्यावरच्या उड्डाणपुलाखाली २०१६ मध्ये बाग झाली, नानालाल मेहता उद्यान. सुमारे सहाशे मीटर लांब. चालायची वाट नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणावळणाची केली आहे. पुलाखाली बेकायदा पार्किंग आणि अतिक्रमण होऊ नये म्हणून आसपासचे रहिवासी आधी कितीतरी दिवस मागे लागले होते. @पायीपायी यांचा धुराचा मुद्दा तिथेही लागू आहे, तरी सकाळी चालायला गर्दी असते, कारण त्या भागात दुसरी मोकळी जागाच नाही. बागेला दारं आहेत आणि वेळा आहेत, हे मात्र सांगायला हवं.

कोथरूडची_कावेरी

दारं आणि वेळा यावरून विचारते. आमच्याकडे काही जणांचं म्हणणं आहे की जाळी लावून कुलूप घालावं, म्हणजे ‘बाहेरचे’ येणार नाहीत. मला ते बरोबर वाटत नाही, पण समजवायचं कसं कळत नाही. कोपऱ्यावर एक चहाची गाडी आहे, तिच्यावरही डोळा आहे.

पथारी

मी स्वतः पंचवीस वर्षं रस्त्यावर धंदा केलाय, आता मुलगा करतो, म्हणून यावर मी बोलणारच.

बाग करायची आहे का गाडी उठवायची आहे, हे त्या लोकांना आधी विचारा. २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. सर्वेक्षण, प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती, हे सगळं त्यात आहे. झाडं लावून त्या कायद्याला वळसा घालता येत नाही. आणि व्यवहाराचं बोलायचं तर चहावाला पहाटे पाचला येतो आणि रात्री शेवटी जातो. रात्री ट्रॅक्टर येऊन राडारोडा टाकून जातो तेव्हा सोसायटीतलं कुणी जागं नसतं, गाडीवाला असतो. त्याला बागेत धरलंत तर तुम्हाला फुकटचा राखणदार मिळाला असं मी म्हणणार नाही, फुकट कशाला, त्यालाही त्या सावलीचा हक्क आहे. त्याच्या गिऱ्हाइकाला तिथे उभं राहू द्या, तो झाडं जपेल.

निर्गुंडी

@पथारी, शंभर टक्के सहमत.

जाळीबद्दल एक. जाळीत कचरा अडकतो, वेली चढतात, आणि आत साफ करायला जाणं अवघड होतं. चार वर्षांनी जाळीच्या आत उकिरडा आणि बाहेर कुलूप, असं दिसतं. करवंद लावा.

मुठाकाठी

कावेरीताई, आमच्याकडेही जाळीचा आग्रह झाला होता. मी एवढंच म्हटलं की किल्ली कुणाकडे राहणार ते आधी ठरवा. त्यावर एकमत झालं नाही आणि जाळी राहून गेली ती राहूनच गेली. बरं झालं.

‘सामायिक’ म्हणजे काय याचा खरा वाद फुलांवरून होतो. सकाळी पिशवी घेऊन येऊन सगळी फुलं ओरबाडणारी माणसं प्रत्येक भागात आहेत. पाटी लावली की चिडतात. आम्ही दोन्ही टोकांना तगर आणि जास्वंदीची झाडं मुद्दाम लावली आणि सांगितलं की ही पूजेची, कुणीही न्या, देवापुरती न्या. मधल्या भागातली फुलपाखरांची, पक्ष्यांची. आता त्याच काकू दुसऱ्यांना मध्ये हात घालू देत नाहीत. गणपतीत दूर्वा एका वाफ्यात राखून ठेवतो, त्या मागायला लांबून लोक येतात.

गच्चीवरची_बाग

भाजी लावता येईल का? पालक, मेथी, टोमॅटो? म्हणजे लोकांना उपयोग होईल.

जुना_अभियंता

कृपया नको. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते जळत होतं, आणि शिसं मातीतून आपोआप जात नाही. जुन्या रस्त्यांच्या कडेची आणि मधली माती त्यामुळे खाण्याच्या पिकाला भरवशाची नाही. त्यात टायर झिजून जस्त, ब्रेक झिजून तांबं आणि इतर धातू पडतच असतात. पालेभाजीच्या पानांवर ती धूळ बसते आणि धुऊन सगळी जात नाही. नवी माती भरली तरी वरची धूळ रोजचीच. भाजी गच्चीवर, सोसायटीच्या आतल्या बाजूला लावा.

निर्गुंडी

अडुळसाही तिथला काढ्याला वापरू नका. मी सुचवला तो पक्ष्यांसाठी.

सिंहगडरोडवासी

पैशांचं कसं? आमच्या इथे एका कंपनीने दुभाजक दत्तक घेतला होता. फलक मोठा झाला, रोपं पहिल्या उन्हाळ्यात गेली, फलक अजून आहे.

मुठाकाठी

करार बघितल्याशिवाय कुणालाही दोष देणार नाही, पण एक नक्की: दत्तक देताना ‘इतकी रोपं लावणे’ असं लिहिलेलं असतं, ‘पुढच्या जूनपर्यंत इतकी जिवंत ठेवणे’ असं कुणी लिहीत नाही. रहिवाशांनी तेवढं एक वाक्य घालायचा आग्रह धरावा. पैसे देणारा कुणीही असो, मोजणी मे अखेरीला व्हावी.

दुसरी वाट महापालिकेच्या अंदाजपत्रकातल्या नागरिक सहभागाची. पुण्यात २००६-०७ पासून ही पद्धत आहे. आपल्या भागातलं काम नागरिकांनी सुचवायचं, एका कामाला पाच लाखांपर्यंत. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात जातात. राडारोडा काढणं, माती भरणं, कठड्याची दुरुस्ती, पाण्याच्या टाकीचा ओटा, ही कामं त्यात बसण्यासारखी आहेत. झाडांची देखभाल मात्र त्यातून अपेक्षित धरू नका, ती वर्गणी आणि हात यांचीच.

आमचा मोठा खर्च एकदाच झाला, खोदाई आणि मातीचा. त्यानंतर झाडांवर जवळजवळ काही जात नाही, फांद्यांपासून आणि बियांपासून रोपं घरीच होतात. जातो तो उन्हाळ्यातल्या टँकरवर.

पायीपायी

मघाशी विरोधात लिहिलं, तरी हे वाचून एक भर घालतो. झाडं लावताना लोक कुठून रस्ता ओलांडतात ते आधी दोन-तीन दिवस उभं राहून बघा. बसथांब्यासमोर, शाळेसमोर, किराणा दुकानासमोर दुभाजकात पायवाट पडलेली असते. ती झुडपांनी बुजवली तर लोक थांबत नाहीत, झुडपं तुडवून जातात किंवा लांबून धावत ओलांडतात. तिथे फरशी टाकून मोकळी वाट ठेवा. चाकाची खुर्ची जाईल अशी, कठडा रस्त्याच्या पातळीला उतरवून. मग मलाही ही बाग माझी वाटेल.

जुना_अभियंता

@पायीपायी, उत्तम. नकाशात हे सगळ्यात आधी दाखवा. कठडा उतरवायचं काम पथ विभागाकडूनच करून घ्या.

मगरपट्टा_मागे

आमचा दुभाजक लहान आहे आणि माणसं अजून फक्त तीन-चार तयार आहेत. एवढ्यात सुरू करावं, की सगळे तयार होईपर्यंत थांबावं? यंदाच्या पावसाळ्यात लावावं का?

मुठाकाठी

थांबू नका, पण लावूही नका. तुमच्या दुभाजकात आत्ता जे काही जिवंत आहे ते आधी मोजा, आणि नळाच्या सगळ्यात जवळचा वीसेक फुटांचा तुकडा धरा. राडारोडा काढा, आहे त्याच झाडांची आळी करा, पाचोळा अंथरा आणि त्यांनाच पाणी घाला. संक्रांतीपासून होळीपर्यंत तीन-चार माणसांनी वार न चुकता हे जमवलं, तर पुढचं एप्रिल-मेही जमेल, आणि तोवर बघून दोन-चार जण आपसूक येतील. मग मृगाला रोपं लावा, जेवढ्यांना पाणी पुरेल तेवढीच. होळीच्या आधीच पाणी बंद पडलं, तर निदान नवी रोपं मारली नाहीत. पुढच्या वर्षी परत.

मगरपट्टा_मागे

दोन कण्हेरी, एक अर्धमेला बहावा आणि बरीच रुई आहे. रुई ठेवतो. बोअर कोपऱ्यावरच्या इमारतीचा आहे, त्यांच्या सेक्रेटरींशी आज संध्याकाळी बोलतो. पाइप कुणाकडे ठेवायचा तेही विचारतो, पंक्चरवाले मामा दिवसभर तिथेच असतात.